टेलनेटवर बीबीएसची फाइल ३२ केबीलाच काहून अडते?

बीबीएसला (ती काय ते खाली सांगतो) टेलनेटनं, म्हणजे नेटवरून दूरच्या कॉम्प्युटरवर काम करायच्या जुन्या पद्धतीनं जोडलं, रंगीत मेनू आला, लॉगिन झालं, मेसेज वाचून झाले, सगळं मस्त चालू आहे आणि मग फाइल डाउनलोडला लावली की गाडी अडते. गंमत म्हणजे सगळ्याच फायली अडत नाहीत. छोटीशी टेक्स्ट फाइल झटक्यात येते, तीच जरा मोठी असली की ३२ केबीच्या आतबाहेर कुठंतरी ठप्प, आणि झिप किंवा फोटो असला तर पहिल्याच घासाला खडा, म्हणजे काउंटर जागचा हलत नाही आणि एररचा आकडा तेवढा वाढत राहतो. मग माणूस वायफायला शिव्या देतो, राउटर बंद-चालू करतो, मोबाइलचं हॉटस्पॉट लावून पाहतो, त्यानं काही म्हणजे काही होत नाही, कारण नेटचा यात दोषच नसतो.

आमच्या इथं नागपुरात जुन्या कॉम्प्युटरचा नाद असलेली काही मंडळी आहेत, कुणाकडे ४८६ आहे, कुणी कमोडोर बाहेरून मागवला आहे, आणि यात नवीन कुणी आला की थोड्याच दिवसांत त्याचा फोन येतोच, "भाऊ, फाइल येऊनच नाही राहिली." प्रत्येकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदाचं लिहून टाकतो. थोडक्यात उत्तर हवं असेल तर ते एका आकड्यात आहे, २५५. पण हा आकडा कुठून टपकला ते समजायला जरा मागं जावं लागेल.

बीबीएस म्हणजे बुलेटिन बोर्ड सिस्टीम, ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढं सरका. घरोघरी इंटरनेट यायच्या आधी एखादा हौशी माणूस आपल्या कॉम्प्युटरला मोडेम आणि फोनलाइन जोडून ठेवायचा, बाकीचे त्या नंबरावर आपल्या मोडेमनं फोन लावायचे, निरोप वाचायचे, लिहायचे, गेम खेळायचे, फायली घ्यायचे, द्यायचे. पहिली अशी सार्वजनिक बीबीएस शिकागोत १६ फेब्रुवारी १९७८ ला चालू झाली, वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस या दोघांनी ती केली, बर्फाच्या वादळानं सगळं शहर बंद पडलं होतं तेव्हा त्यांनी हे काम हाती घेतलं. आज फोनलाइनवरच्या बीबीएस जवळपास संपल्या, पण शेकडो बीबीएस टेलनेटवर जिवंत आहेत, फोन नंबराऐवजी पत्ता आणि पोर्ट टाकायचा, आतला मामला तसाच.

आता खरी अडचण पाहा. ब्राउझरमधून फाइल घेतो तेव्हा सर्व्हर आधी सांगतो की ही फाइल आहे, एवढ्या बाइटची आहे (एक बाइट म्हणजे ० ते २५५ मधला एक आकडा, फाइल म्हणजे अशा आकड्यांची रांग), या प्रकारची आहे, मग पाठवतो. एफटीपीत तर फाइलसाठी वेगळं कनेक्शनच उघडतं, बोलणं एकीकडे, माल दुसरीकडे. बीबीएसमध्ये हे काहीच नाही, एकच धार आहे, तिच्यातूनच मेनू येतो, तिच्यातूनच तुमची टायपिंग जाते आणि फाइलही तिच्यातूनच यायची आहे. तुमच्या स्क्रीनला काय कळणार की आता येऊन राहिलेलं अक्षर मेनूचं आहे की झिपच्या पोटातलं? म्हणून दोन्ही बाजूंच्या प्रोग्रामनी आधीच ठरवून घ्यावं लागतं की आता इथून फाइल सुरू, इथं संपली, मध्ये काही बिघडलं तर असं सांगायचं. या ठरवण्यालाच फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉल म्हणतात, आणि तुम्ही डाउनलोड दाबल्यावर बीबीएस जी यादी दाखवते, एक्समोडेम, वायमोडेम, झेडमोडेम, ती याचीच.

एक्समोडेम यातला सगळ्यात जुना गाजलेला. तोही क्रिस्टेन्सननंच १९७७ मध्ये लिहिला, म्हणजे बीबीएसच्याही आधी. फाइलचे १२८-१२८ बाइटचे तुकडे करायचे आणि एकेक तुकडा पॅक करून पाठवायचा. तुकड्याच्या आधी तीन बाइट लावायचे: पहिला "तुकडा सुरू" अशी खूण, दुसरा तुकड्याचा नंबर, तिसरा म्हणजे २५५ मधून तो नंबर वजा करून जे येईल ते, म्हणजे नंबर बिघडला तर लगेच पकडता यावा. मग १२८ बाइट माल आणि शेवटी एक बाइट चेकसम, म्हणजे सगळ्या मालाची बेरीज करून तिच्यातला शेवटचा बाइट. झाले १३२ बाइट. घेणारा बेरीज तपासतो, जुळली तर पावती म्हणून ६ नंबरचा बाइट परत पाठवतो, नाही जुळली तर २१ नंबरचा, म्हणजे "पुन्हा दे".

कळमना मार्केटमध्ये ट्रकवरून संत्र्याचे क्रेट उतरवताना पाहिलं असेल. वरचा एक क्रेट देतो, खालचा घेतो, दाबून पाहतो, "हो" म्हणतो, तेव्हा कुठं वरचा दुसऱ्या क्रेटला हात लावतो. माल सडका निघाला तर "हा नको, बदलून दे." एक्समोडेम हुबेहूब असंच चालतो. दोघं जवळ उभे असतील तोवर हे ठीक आहे, पण खालचा माणूस शिकागोत उभा असेल तर?

हा प्रश्न गमतीचा वाटेल पण बीबीएसवरचा निम्मा त्रास इथंच आहे. नागपूर ते शिकागो सरळ रेषेत जवळपास १३ हजार किलोमीटर, फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन ०.१३ सेकंद तर नुसत्या अंतराचेच झाले, आणि केबल काही सरळ रेषेत जात नाही, आधी मुंबईला जाते, मग समुद्रातून, मग मध्ये राउटरच राउटर, त्यामुळं प्रत्यक्षात पाव सेकंद धरा. एक्समोडेममध्ये एका पावतीमागं १२८ बाइट, म्हणजे सेकंदाला चार तुकडे, ५१२ बाइट. तुमच्याकडे १०० एमबीपीएसची लाइन असली काय आणि १००० ची असली काय, मिळणार सेकंदाला ५१२ बाइटच, आणि एक एमबीच्या फाइलला ३४ मिनिटं. १०० एमबीपीएसच्या लाइनवर तो १३२ बाइटचा तुकडा निघायला सेकंदाचा लाखावा भाग लागतो, बाकी सगळा वेळ पावतीची वाट पाहण्यात. क्रिस्टेन्सनला दोष देऊ नका, त्याच्या काळात मोडेम ३०० बीपीएसचे होते, सेकंदाला ३० अक्षरं, एक तुकडा जायलाच साडेचार सेकंद लागायचे, त्यापुढं पावतीची वाट पाहणं म्हणजे काहीच नाही. प्रोटोकॉल आपल्या काळाला चोख होता, आपण तो समुद्रापार ताणून राहिलो.

मग सुधारणा आल्या. एक बाइटच्या बेरजेऐवजी सीआरसी नावाची पक्की तपासणी आली, मग १२८ च्या जागी १०२४ बाइटचा तुकडा आला, तिथं आपली ३४ मिनिटं सव्वाचारवर येतात. वायमोडेममध्ये चक फोर्सबर्गनं शून्य नंबरचा एक तुकडा आधी पाठवायची सोय केली, त्यात फाइलचं नाव आणि साइज, त्यामुळं एका दमात पाच-दहा फायली घेता येतात. एक्समोडेममध्ये नाव जातच नाही, ते तुम्हीच टाकायचं.

खरा उद्धार केला झेडमोडेमनं. तोही फोर्सबर्गचा, १९८६ चा. टेलेनेट नावाची अमेरिकन नेटवर्क कंपनी होती (टेलनेटशी घोळ करू नका, ही वेगळी), तिच्या पॅकेट नेटवर्कवर पावत्या यायला उशीर व्हायचा आणि एक्समोडेम रांगायचा, म्हणजे आपली पाव सेकंदाची रड तेव्हाही होती, म्हणून त्या कंपनीनं फोर्सबर्गकडून हा प्रोटोकॉल करून घेतला. झेडमोडेममध्ये वरचा माणूस क्रेट देतच सुटतो, थांबत नाही, खालचा फक्त खराब निघाला तरच ओरडतो, आणि ओरडताना नेमकं सांगतो की फाइलच्या अमुक इतक्याव्या बाइटपासून पुन्हा दे. ३२ बिटांची सीआरसी तपासणी आहे, नाव-साइज-तारीख सगळं जातं आणि मध्येच कनेक्शन तुटलं तर पुढच्या वेळी जिथं थांबलं तिथून पुढं चालू होतं. ही शेवटची गोष्ट मे महिन्यात नागपुरात बसून डाउनलोड करणाऱ्याला वेगळी समजवायची गरज नाही, ४५ डिग्रीत गल्लीतले सगळे कूलर-एसी एकदम लागतात आणि नेमकी ९० टक्क्यांवर लाइट जाते.

ज्यांनी व्हीएसएनएलचे जुने दिवस पाहिलेत त्यांना हे नाव ओळखीचं असेल. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलनं सार्वजनिक इंटरनेट चालू केलं तेव्हा ज्याला पूर्ण कनेक्शन परवडत नव्हतं तो शेल अकाउंट घ्यायचा, म्हणजे काळ्या स्क्रीनवर फक्त अक्षरं. फाइल हवी असली तर आधी ती एफटीपीनं सर्व्हरवरच्या आपल्या जागेत उतरवायची आणि मग तिथून झेडमोडेमनं घरच्या मशीनवर आणायची. ते टेलनेट नव्हतं, मोडेम थेट लाइनवर असायचा, म्हणून आज जो २५५ चा घोळ आहे तो तेव्हाच्या लोकांना कधी लागला नाही आणि त्यांच्या आठवणीतला झेडमोडेम "कधीच न अडणारा" आहे.

आता या २५५ कडे या.

फोनलाइनवरचा मोडेम एकदा जोडला गेला की जे टाकाल ते जसंच्या तसं पलीकडे पोचवतो, त्याला आत काय आहे याच्याशी घेणं नाही. टेलनेट तसा नाही. त्याची मुळं १९६९ पर्यंत जातात आणि आज आपण जो वापरतो त्याचे नियम मे १९८३ च्या आरएफसी ८५४ मध्ये आहेत (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम लिहिलेले नंबरवार कागद). तो फायली न्यायला बनलाच नव्हता, दूरच्या कॉम्प्युटरवर माणसानं कीबोर्डनं काम करावं यासाठी बनला होता, आणि माणूस कीबोर्डवरून जी इंग्रजी अक्षरं मारतो ती सगळी ० ते १२७ या आकड्यांत बसतात. मग वरचे आकडे रिकामेच होते, त्यातला २५५ टेलनेटनं स्वतःसाठी राखून ठेवला. धारेत २५५ दिसला की त्याचा अर्थ: थांबा, पुढं येतंय ते अक्षर नाही, हुकूम आहे.

हुकूम कसले? मुख्यतः बोलणी. २५१ म्हणजे "मी हे करतो", २५२ म्हणजे "मी नाही करत", २५३ म्हणजे "तू कर", २५४ म्हणजे "तू नको करू". लग्नाच्या बैठकीसारखं दोन्ही पक्ष जोडल्या-जोडल्या हेच बोलत असतात, टाइप केलेलं अक्षर स्क्रीनवर कोण उमटवणार, स्क्रीन किती ओळींची आहे, वगैरे, आणि तुम्हाला ते दिसत नाही कारण टेलनेटचा प्रोग्राम २५५ आणि त्याच्या मागचे बाइट गिळून टाकतो. गिळायलाच पाहिजे, ते त्याच्यासाठीच आहेत.

मग फाइलमध्येच २५५ हा बाइट आला तर? नियम साफ आहे, पाठवणाऱ्यानं तो दोनदा पाठवायचा, २५५ २५५, आणि घेणाऱ्यानं दोनाचा एक करायचा. दोन्हीकडे हा नियम पाळला तर काहीच होत नाही, तुम्हाला कळतही नाही. एकानं पाळला आणि एकानं नाही की झाला बट्ट्याबोळ. पाठवणाऱ्यानं एकदाच पाठवला तर घेणाऱ्याला वाटतं हुकूम आला, तो २५५ ही खातो आणि त्याच्या शेजारचाही खातो. पाठवणाऱ्यानं दोनदा पाठवला आणि घेणारा नियम जाणत नसेल तर एक बाइट जास्तीचा आत घुसतो. दोन्हीकडे तपासणीची बेरीज चुकते, "पुन्हा दे" जातं, पुन्हा तोच तुकडा तसाच येतो, तसाच चुकतो, आणि दहाएक वेळा असं झालं की प्रोग्राम हात टेकतो. लाइनवरचा खरा खरखराट असता तर दुसऱ्या-तिसऱ्या वेळी निभावलं असतं, ही चूक मात्र दर वेळी त्याच जागी आणि तशीच होते. त्याच जागी वारंवार अडणं हीच तिची ओळख.

आता सुरुवातीचं कोडं सोडवू. टेक्स्ट फाइलमध्ये २५५ नसतो, मग ती का अडावी? फाइलमध्ये नसतो पण एक्समोडेमच्या वेष्टनात असतो ना! तुकड्याचा नंबर वाढत-वाढत २५५ वर आला की तो नंबरच २५५ हा बाइट आहे. त्याआधी २५४ तुकडे गेले, गुणिले १२८, म्हणजे ३२,५१२ बाइट. तोच तुमचा ३२ केबीचा खांब. कधीकधी त्याच्या आधीही अडेल, कारण एखाद्या तुकड्याचा चेकसमच योगायोगानं २५५ येतो, तशी शक्यता दर तुकड्याला २५६ मध्ये एक, पण त्या खांबाच्या पुढं मात्र जाणं नाही.

झिपचं तर विचारूच नका. झिपमध्ये माल दाबून भरलेला असतो, त्यामुळं ० ते २५५ सगळे बाइट जवळपास सारख्याच प्रमाणात येतात, म्हणजे १२८ च्या दर पाच तुकड्यांतल्या साधारण दोनांत निदान एक तरी २५५ असतोच, एका केबीच्या तुकड्यात सरासरी चार. जेपीईजी फोटोचा तर पहिलाच बाइट २५५, दुसरा २१६, तिसरा पुन्हा २५५. वायमोडेमची गत आणखी वाईट, त्याचा पहिला तुकडा शून्य नंबरचा, आणि २५५ वजा शून्य किती? म्हणजे माल निघायच्या आधी वेष्टनातच अपघात. झेडमोडेम सुरुवातीची बोलणी साध्या अक्षरांत करतो, त्यामुळं तिथं बहुतेक वेळा फाइलचं नाव दिसतं, साइज दिसते, आपल्याला वाटतं जमलं, आणि मग पहिल्या काही बाइटवर अडकतो आणि मागं-पुढं मागं-पुढं करत राहतो. लक्षणं चार प्रकारची दिसतात, पण रोग एकच आहे.

याचा एक धाकटा भाऊ आहे, १३ नंबरचा बाइट, म्हणजे एंटर. साध्या टेलनेटचा नियम असा की एकटा १३ आला तर त्याच्या मागं शून्य लावून पाठवायचा. इकडे शून्य लावला आणि तिकडे काढला नाही तर फाइल बिघडली. एक्समोडेममध्ये याची खूण म्हणजे १३ व्या तुकड्यावर, म्हणजे दीड केबीवर अडणं, कारण पुन्हा तेच, नंबरच १३. हे टाळायला टेलनेटमध्ये बायनरी नावाची सोय आहे, आरएफसी ८५६, दोन्ही बाजू "मी बायनरी पाठवतो", "तू बायनरी पाठव" असं ठरवून घेतात, आणि हे दोन्ही दिशांना वेगवेगळं ठरवायचं असतं. इथं बरेच जाणकारही फसतात, त्यांना वाटतं बायनरी लावलं म्हणजे आता २५५ दोनदा पाठवायची गरज नाही. तसं नाही. बायनरीत १३ ची कटकट जाते, २५५ चा नियम कायम राहतो.

चूक करतं कोण? बऱ्याचदा बीबीएसची बाजू. जुन्या डॉसच्या काळातले झेडमोडेमचे प्रोग्राम सिरीयल पोर्टसाठी लिहिलेले, टेलनेट हे नाव त्यांनी ऐकलेलंच नाही. ते आज टेलनेटवर चालवायचे तर मध्ये एक थर लागतो, फॉसिल ड्रायव्हर किंवा तत्सम काही, आणि २५५ दोनदा करायचं काम त्या थराचं. लिनक्सवरही तेच, झेडमोडेमचा प्रोग्राम टेलनेट सर्व्हरच्या आत चालला तर दुहेरी करायचं काम सर्व्हर करतो, पण कुणी तो प्रोग्राम सरळ सॉकेटलाच, म्हणजे नेटच्या कच्च्या धारेलाच जोडला तर कुणीच करत नाही. आपल्या हातात एवढंच की दुसरा प्रोटोकॉल लावून पाहायचा, आणि दुसऱ्या एखाद्या बीबीएसवरून तीच फाइल येते का ते पाहायचं. तिथून आली तर तुमची बाजू ठीक आहे, पहिल्या बीबीएसच्या सिसॉपला, म्हणजे ती चालवणाऱ्याला, नीट दोन ओळी लिहा. बहुतेक सिसॉप हौशी असतात, कुणी वापरून राहिलं हे पाहूनच खूश होतात.

आपल्या बाजूला कुठला प्रोग्राम वापरायचा, तर माझं मत विचाराल तर सिंकटर्म. फुकट आहे, विंडोज, लिनक्स, मॅक सगळीकडे चालतो, रंगीत चित्रं बरोबर दिसतात, तिन्ही प्रोटोकॉल येतात आणि टेलनेटचे नियम पाळतो. नेटरनर पण चांगला. पुटी हा प्रोग्राम सगळ्यांच्या मशीनवर असतो म्हणून लोक तोच लावतात, पण त्यात झेडमोडेम नाहीच, आणि विंडोजचा स्वतःचा टेलनेट तर फक्त अक्षरांपुरता. एक्सपीपर्यंत हायपरटर्मिनल यायचं, त्यात झेडमोडेम होता, व्हिस्टापासून ते काढून टाकलं.

झेडमोडेम नसलेल्या प्रोग्राममधून डाउनलोड दाबलं तर काय होतं हे सांगून ठेवतो कारण नवीन माणूस घाबरतो. स्क्रीनवर दोन तारे, मग बी हे अक्षर आणि पुढं शून्यांची रांग असं काहीतरी येतं आणि सगळं थिजतं, काही टाइप केलं तरी हलत नाही. हॅक-बिक काही झालं नाही बाप्पा. बीबीएस "फाइल घ्यायला तयार आहेस का" असं झेडमोडेमच्या भाषेत विचारून राहिली आणि तुमचा प्रोग्राम ती भाषा न समजता जसंच्या तसं छापून राहिला. कंट्रोल दाबून ठेवा आणि एक्स पाच-सहा वेळा मारा, लागोपाठ पाच आले की झेडमोडेम आवरतं घेतो आणि मेनू परत येतो. प्रोग्रामला भाषा येत असेल तर हीच ओळ पाहून तो आपोआप डाउनलोड चालू करतो, तुम्हाला काहीच दाबावं लागत नाही.

अपलोडला उलटं. आधी बीबीएसला सांगायचं की मी फाइल देतो, प्रोटोकॉल निवडायचा, ती वाट पाहायला लागली की मग आपल्या प्रोग्राममधून फाइल निवडून पाठवायची. फार वेळ लावला तर ती कंटाळून मेनूवर परत जाते.

ज्यांनी जुन्या खऱ्या मशीनला वायफाय मोडेम लावला आहे त्यांच्यासाठी वेगळं दुखणं. हा मोडेम म्हणजे बहुधा ईएसपी८२६६ ची छोटी चिप, जुन्या मशीनला वाटतं की आपण मोडेमशीच बोलतोय, एटीडीटी (मोडेमला "फोन लाव" असा हुकूम) लिहून फोन नंबराच्या जागी बीबीएसचा पत्ता टाकायचा. इथं टेलनेट समजून घ्यायचं काम त्या चिपचं, आणि बहुतेकांत टेलनेट मोड चालू-बंद करायची सेटिंग असते, तो बंद असेल तर वरचं सगळं रामायण घडतं. आणि गंमत म्हणजे काही बीबीएस एखाद्या पोर्टवर टेलनेट न लावता कच्ची धार देतात, तिथं तो मोड चालू असेल तर उलट्या बाजूनं तेच रामायण.

पण याहून जास्त वेळा मार खातो तो फ्लो कंट्रोल. नेटवरून माल धो-धो येतो आणि सिरीयल पोर्ट ९६०० वर, म्हणजे सेकंदाला ९६० बाइट. जुन्या ८२५० किंवा १६४५० चिपच्या पोर्टला आलेला बाइट ठेवायला एकच जागा, मशीननं उचलायच्या आत दुसरा आला की पहिला गेला. १६५५०ए मध्ये १६ बाइटची जागा आहे, ती असेल तर बरंच निभावतं. "थांब, जरा दम घे" हे मोडेमला सांगायला आरटीएस आणि सीटीएस या दोन तारा असतात, आणि घरी सोल्डर केलेल्या तीन तारांच्या केबलमध्ये त्या नसतातच, म्हणून बर्डीच्या बाजारातून केबल घेताना पूर्ण तारांची मागा, दुकानदार कितीही म्हणाला की हीच चालते तरी. सॉफ्टवेअरवालं फ्लो कंट्रोल मात्र फायलींसाठी बंदच ठेवा, ते १७ आणि १९ हे दोन बाइट थांब-चल साठी वापरतं, आणि फाइलमध्ये ते आले की एक्समोडेम तिथंच गुंतलाच समजा. झेडमोडेम हे दोन बाइट वेष्टनात लपवून पाठवतो, त्याला तेवढा त्रास होत नाही.

आणि काहीच जमलं नाही तर करमिट. कोलंबिया विद्यापीठात १९८१ मध्ये बनला, नाव त्या टीव्हीवरच्या हिरव्या बेडकावरून, आणि स्वभाव असा की रस्ता खराबच असणार हे धरूनच चालतो. कंट्रोलवाले बाइट आणि १२८ च्या वरचे बाइट तो साध्या अक्षरांत बदलून पाठवू शकतो, म्हणजे २५५ तारेवर जातच नाही, टेलनेट काय खाणार? फक्त सात बिटांची लाइन आहे असं त्याला सेटिंगमध्ये सांगावं लागतं. फाइल फुगते म्हणून वेळ जास्त लागतो आणि प्रत्येक बीबीएसवर तो नसतो, पण जिथं आहे तिथं पोचवतोच. लोक त्याला सावकाश म्हणून नावं ठेवतात ते बऱ्याचदा त्याचे मोठे पॅकेट आणि खिडकीवालं (पावतीची वाट न पाहता लागोपाठ बरेच पॅकेट पाठवायचं) सेटिंग न लावता.

बीबीएस एसएसएच, म्हणजे टेलनेटसारखंच पण कुलूपबंद कनेक्शन, देत असेल तर सरळ तेच घ्या, सिंकटर्ममध्ये आहे. एसएसएचच्या धारेत २५५ ला काही विशेष मान नाही, सगळे बाइट सारखे. शिवाय टेलनेटमध्ये तुमचा पासवर्ड उघडाच जातो, मध्ये कुणी पाहत असेल तर त्याला आयता मिळतो, म्हणून टेलनेट बीबीएसवर बँकेचा किंवा ईमेलचा पासवर्ड चुकूनही लावू नका, तिच्यासाठी वेगळा ठेवा.

फाइल आल्यावर साइज जुळत नाही म्हणून पुन्हा फोन नका करू, आधी पाहा की कशानं आणली. एक्समोडेमला फाइल नेमकी कुठं संपते ते माहीत नसतं, शेवटचा तुकडा १२८ चा पूर्ण करायला तो मागं २६ नंबरचे बाइट भरतो, त्यामुळं १००० बाइटची फाइल १०२४ ची होऊन येते. टेक्स्टमध्ये शेवटी कचरा दिसेल तो कापून टाका, झिपला बहुधा काही फरक पडत नाही. झिपच्या आत प्रत्येक फाइलची सीआरसी लिहिलेली असतेच, अनझिप करणाऱ्या प्रोग्राममध्ये टेस्ट म्हणून पर्याय असतो तो चालवा, आणि उघडायच्या आधी अँटीव्हायरस फिरवा, १९९० च्या दशकातल्या फायलींमध्ये १९९० च्या दशकातले व्हायरसही असतात.